आत्याला शिक्का हवाय

परदेशात फिरायला निघालं की लोक काय काय आणायला सांगतात, चॉकलेट, परफ्यूम, एकीने तर चीज सांगितलं होतं. आमची गिरगावची आत्या काही आणायला सांगत नाही, ती पाठवायला सांगते. पोस्टकार्ड. तिथलं तिकीट लावून, तिथल्याच डब्यात टाकलेलं आणि तिथला शिक्का बसलेलं. नोकरी सगळी मुंबईच्या जीपीओत, म्हणजे मुख्य पोस्टात झाली तिची, त्यामुळे फसवायची सोय नाही. (१९१३ सालची ती बिल्डिंग विजापूरच्या गोलघुमटावर बेतलीये हे तिने लहानपणी इतक्यांदा ऐकवलंय की विजापूरला गेल्यावर मी आधी तिकीट खिडकी शोधली.) व्हॉट्सॅपवर फोटो पाठवते म्हटलं तर म्हणते, "त्याला शिक्का असतो का गं?"

तुम्ही म्हणाल एक कार्ड तर टाकायचंय. टाकून दाखवा.

आधी पत्ता. चित्राच्या कार्डाची मागची अर्धीच बाजू आपली, आणि आत्याचा पत्ता म्हणजे खोली नंबर, मजला, चाळीचं नाव, समोरचं देऊळ, गल्ली, गिरगाव, मुंबई ४००००४ आणि खाली ठळक इंडिया. मजकुराला जागा उरते ती "मजेत आहोत" एवढीच. देऊळ गाळू का, पिन कोड आहे ना, असं एकदा विचारलं तर अर्धा तास गेला. पिन कोड आपल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांनी काढला, १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, सगळं मान्य, पण तो पत्र पोस्टापर्यंत नेतो, दारापर्यंत माणूसच नेतो. देऊळ राहिलं.

मग रोम. पोस्टात शिरलो तर मशिनमधून चिठ्ठी काढायची, तिच्यावर एक अक्षर आणि एक आकडा, अक्षर कामाप्रमाणे बदलतं, त्यामुळे आपल्यानंतर आलेले आजोबा आपल्या आधी खिडकीवर, कारण त्यांचं पेन्शनचं अक्षर आणि आपलं भलतंच. बरं, रांगेत घुसले म्हणून भांडावं तर रांगच नाही, सगळे ऐसपैस खुर्च्यांवर! शेवटी शेजारच्या बाई म्हणाल्या, तिकिटं तर तंबाखूच्या दुकानात मिळतात, टी अक्षराची पाटी बघा. म्हणजे गिरगावात जन्मात कधी पानाच्या टपरीपाशी न थांबलेली मी, रोममध्ये सिगरेट घेणाऱ्यांच्या मागे उभी. तिकीट मिळालं, तर लाल डब्याला दोन तोंडं. एक शहरातल्या पत्रांचं, दुसरं बाकी सगळीकडचं. त्या बाकीत मिलान पण आलं आणि गिरगाव पण.

तिथेच व्हॅटिकन, म्हणजे रस्ता ओलांडला की दुसरा देश, दुसरं पोस्ट आणि दुसरी तिकिटं. तिकिटं फार देखणी, नवऱ्याने कौतुकाने घेतली आणि म्हणाला, कार्डं हॉटेलवर निवांत लिहू. लिहिली. मग कळलं की ही तिकिटं व्हॅटिकनच्याच डब्यात चालतात, इटलीच्या नाही. दुसऱ्या दिवशी म्युझियम राहिलं आणि आम्ही उन्हात परत तिकडे. फोटो खूप आलेत मात्र, सगळे डब्यासोबत.

जर्मनीत माणसाशी बोलायचंच नव्हतं, पिवळं मशीन होतं. भारतात कार्ड पाठवायला सव्वा युरो, मी दोनचं नाणं टाकलं, आणि मशीनने उरलेले पाऊण युरो तिकिटाच्या रूपात दिले. आमचा वाणी सुट्टे नाहीत म्हणून गोळ्या देतो, त्या निदान खाता येतात. पंचाहत्तर सेंटच्या तिकिटावर भारतात काय, जर्मनीतल्या जर्मनीत पण कार्ड जात नाही, त्याला पंचाण्णव लागतात! म्हणजे हे वापरायला अजून तिकीट घ्या, अजून नाणं टाका, पुन्हा उरलेलं तिकीट. जर्मन लोकांची काटकसर ऐकून होते, ती दुसऱ्याच्या पैशांची असते हे माहीत नव्हतं.

लंडनचं थोडक्यात सांगते. पोस्टाची खिडकी एका दुकानात पार मागे, केकच्या रॅकच्या पलीकडे. तिथल्या मुलीने पोस्टकार्ड काट्यावर ठेवलं आणि गंभीरपणे विचारलं, आत काही मौल्यवान आहे का? आणि तिकिटावर चक्क बारकोड, २०२३ पासून तिकडे नेहमीची तिकिटं बारकोडची लागतात.

आम्ही घरी येऊन बॅगा माळ्यावर गेल्या तरी कार्डांचा पत्ता नाही, मग एकेक करत उगवली. मी धावत गिरगावात. आत्या भिंग घेऊन बसलेली. रोमचा शिक्का पुसट. लंडनच्या बारकोडकडे बघून म्हणाली, "हे तिकीट आहे की बिल?" आणि एका कार्डावर तर शिक्काच नाही, तिकीट कोरं करकरीत. ते बघून तिचा चेहरा असा झाला की मी पटकन चहा टाकायला उठले. "कॅन्सलच केलं नाही गं! आमच्याकडे मेमो मिळाला असता."

आता माझा चुलतभाऊ कोपनहेगनला चाललाय, तर हिने त्याच्या हातात पत्ता ठेवला. देवळासकट. मग मलाच सांगावं लागलं, अगं आत्या, १६२४ पासून चालू असलेलं डेन्मार्कचं सरकारी पोस्ट २०२५ च्या डिसेंबरअखेर पत्रं वाटायचं थांबलं, आता पत्र दुकानात नेऊन एका खाजगी कंपनीकडे द्यायचं, रस्त्यावरचे लाल डबे पण काढले आणि चक्क विकले, पहिले हजार तर काही तासांत संपले म्हणे.

मला वाटलं हळहळेल. तिने भिंग खाली ठेवलं.

"कितीला पडला गं डबा?"