'केसांवरून एवढं काय?' या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अमेरिकन फुटबॉलपटू कॉलिन कॅपरनिकच्या शाळकरी वयावरच्या 'कॉलिन इन ब्लॅक अँड व्हाइट' या मालिकेवर मी लिहिलेलं तुम्हाला अजिबात पटलं नाही, आणि ते तुम्ही आडपडदा न ठेवता कळवलंत. बरं वाटलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: त्या काळ्या पोराला ना कोणी मारलं, ना शाळेतून काढलं. गोऱ्या दत्तक आईवडिलांनी त्याला काही कमी पडू दिलं नाही, पुढे तो एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये खेळला. मग केसांवरून एवढं रडगाणं कशाला? दोन भागांत कंटाळून तुम्ही मालिका बंद केलीत.

एक गोष्ट आधीच कबूल करते. सुरुवातीला खेळाडूंची मोजमापं घेतली जातात आणि बघता बघता त्या मैदानाचा गुलामांचा बाजार होतो, तो प्रसंग मलाही खटकला. करारावर सही करणारा आणि विकला गेलेला, हे दोघे एका रांगेत बसत नाहीत. मधेमधे खरा कॅपरनिक येऊन सगळं समजावून सांगतो, त्यातही मास्तरकी जास्तच झाली आहे.

पण केसांचं तसं नाही. कॉलिनला बास्केटबॉलपटू ॲलन आयव्हरसनसारख्या, डोक्याला चिकटून घातलेल्या बारीक वेण्या हव्या असतात. हौस म्हणून सोडून देता आलं असतं. पण संघात राहायचं तर केस काप, असं प्रशिक्षक सांगतात, आणि आई म्हणते, तू 'थग' दिसतोस. (हा शब्द मूळचा आपला 'ठग'. इंग्रजांनी इथून नेला आणि अमेरिकेत तो फिरून फिरून काळ्या पोरांच्या डोक्यावर बसला.) म्हणणारी बाई दुष्ट असती तर प्रश्नच नव्हता. ती पोराला खेळायला घेऊन फिरते, त्याच्यासाठी जीव टाकते. फक्त त्याच्याकडे बघताना तिच्याही नकळत तिने गावाचे डोळे लावलेले असतात. मला मालिका इथे खरी वाटली. परक्याने म्हटलं असतं तर पोराने घरी येऊन सांगितलं असतं. आईचं कोणाला सांगणार?

आणि हे केसांचं प्रकरण फक्त पटकथेतलं नाही. डिसेंबर 2018 मध्ये न्यू जर्सीत एका शाळकरी कुस्तीगिराला पंचाने सांगितलं, जटा काप नाहीतर लढत सोड. मॅटच्या कडेलाच, सगळ्यांसमोर कात्री चालली. पोरगा लढला, जिंकलाही. पण व्हिडिओत जिंकल्यावरचा त्याचा चेहरा जिंकल्याचा दिसत नाही. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियाने शाळेत आणि नोकरीत केसांच्या पोतावरून, वेण्यांवरून भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा केला. अमेरिकेतलं असं पहिलं राज्य. कॉलिन वाढला ते टरलॉक याच राज्यातलं.

'शेवटी यशस्वी झालाच ना', हा तुमचा सगळ्यात वजनदार मुद्दा. त्याला व्हायचं होतं क्वार्टरबॅक, म्हणजे अमेरिकन फुटबॉलमध्ये संघाचा डाव चालवणारा. बेसबॉलसाठी त्याच्यामागे लोक लागले होते. फुटबॉलची शिष्यवृत्ती देऊ केली ती एकट्या नेवाडा विद्यापीठाने. त्यात रंगाचा वाटा किती आणि सडपातळ अंगकाठीचा किती, हे मी मोजून सांगू शकत नाही. पण ही जागा काळ्या खेळाडूंना फार काळ सहज मिळत नव्हती, हे खरंच आहे. वॉरन मून या काळ्या क्वार्टरबॅकला 1978 मध्ये एनएफएलच्या संघांनी नवे खेळाडू निवडताना कोणीच घेतलं नाही. तो सहा हंगाम कॅनडात खेळला, मग परत येऊन थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीपर्यंत, हॉल ऑफ फेमपर्यंत पोचला. तोही 'शेवटी यशस्वी झालाच'. ती सहा वर्षं कोणाच्या खात्यावर मांडायची?

बाकी, तुम्ही बंद केलीत त्याच्या पुढे प्रवासाचा एक भाग आहे. पोलीस गाडी थांबवतो, हॉटेलात हटकतात, आणि आईवडिलांना त्यात वावगं काही दिसत नाही. एवढा एक भाग बघा. त्यानंतरही रडगाणंच वाटलं, तर पुन्हा लिहा, भांडू.