म्हणे, एरर: सक्सेस

रात्री पावणेदोनला फोन. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचा ऑपरेटर. "साहेब, काटा वजन घेईना. स्क्रीनवर आलंय, एरर, पुढं दोन टिंबं, पुढं सक्सेस. काय करू?"

मी झोपेतून उठून त्याला दोनदा म्हटलं, दादा, नीट वाचा. त्याने नीटच वाचलं होतं.

बाहेर ट्रॅक्टरांची रांग. प्रत्येकाच्या मागे उसाने भरलेल्या ट्रॉल्या. तोडलेला ऊस उभ्या जागी वाळतो, वजन घटतं, आणि त्या घटीचे पैसे शेतकऱ्याच्या बिलातून जातात. ड्रायव्हर येऊन ऑपरेटरला शिव्या घालतायत आणि त्याच्याजवळ त्यांना सांगायला एकच शब्द आहे, सक्सेस. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. अजून उतरलेली नाही.

काट्याचा प्रोग्राम आमचा, पण वजनदर्शकाशी, म्हणजे वजन दाखवणाऱ्या यंत्राशी, बोलणारी सी भाषेतली लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, आमची नाही. दर्शक पुरवणाऱ्याने ती सोबत दिली आहे, सोर्ससकट, म्हणजे मूळ कोडसह. एरर सक्सेस म्हणतेय म्हटल्यावर मी पोर्टवर, म्हणजे दर्शकाची केबल जोडतात त्या जागेवर, संशयच घेतला नाही. डेटाबेस पाहिला. बॉड रेट, म्हणजे केबलवरचा डेटाचा वेग, पाहिला. कालच्या आमच्याच अपडेटमध्ये काही बिघडलं का म्हणून तो मागे घेतला, परत चढवला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. तासभर असाच गेला. मग एसट्रेस, म्हणजे प्रोग्राम आतून काय मागतो ते दाखवणारं हत्यार, लावलं आणि दोन मिनिटांत सगळं समोर आलं. प्रोग्राम टीटीवाययूएसबी-शून्य, म्हणजे त्या केबलचं लिनक्समधलं नाव, उघडायला जातोय आणि कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्याला दर वेळी स्वच्छ शब्दांत सांगतोय, ईनोएंट. अशी फाइल नाही. पाच सेकंदांनी परत विचारलं की परत तेच उत्तर. रात्रभर कर्नल खरं सांगत होता आणि ते खरं काट्यावरच्या माणसापर्यंत पोचत नव्हतं.

झालं होतं एवढंच की टेबलाखालची यूएसबी-सिरियल केबल कुणाच्या तरी पायाने निघाली आणि ऑपरेटरने ती परत खोचली. केबल निघाल्यावर लायब्ररीचं वाचन फसलं, पण तिने जुना डिस्क्रिप्टर, म्हणजे उघडलेल्या पोर्टची खूण, बंद केला नाही. त्यामुळे शून्य नंबर अडकून पडला आणि परत खोचलेली केबल एक नंबरावर आली. लायब्ररी शून्यालाच धडका देत बसली. प्रोग्राम बंद केला, केबल काढून घातली, चालू केला, काटा सुरू. तोवर सव्वातीन वाजले होते.

सकाळी सोर्स उघडला. ओपन, म्हणजे पोर्ट उघडणारं फंक्शन, फसलं की लायब्ररी आधी स्वतःच्या लॉग फंक्शनला, म्हणजे नोंद लिहिणाऱ्या फंक्शनला, हाक मारते. ते फंक्शन कॉन्फिग फाइल उघडून लॉगची पातळी वाचतं, तो आकडा काढायला स्ट्रटोल, म्हणजे अक्षरांचा आकडा करणारं फंक्शन, वापरतं, आणि स्ट्रटोलच्या आधी एरनो, म्हणजे शेवटच्या एररचा आकडा ठेवायची जागा, शून्य करतं. स्ट्रटोलपुरतं ते बरोबर आहे, तसंच करावं लागतं. सीच्या मानकात लिहिलेलंच आहे की लायब्ररीचं कुठलंही फंक्शन एरनो आपणहून शून्य करत नाही, ते तुमचं तुम्ही करायचं. पण करण्याआधी त्यात काय होतं ते बाजूला ठेवायला नको? लॉग फंक्शन परत येतं आणि मग ही लायब्ररी एरनोला विचारते, काय रे झालं होतं? एरनोत शून्य. ग्लिबसी, म्हणजे लिनक्सवरची सीची मूळ लायब्ररी, तिच्या यादीत शून्यासमोर शब्द आहे सक्सेस. तोच शब्द रात्री पावणेदोनला स्क्रीनवर.

ओपन फसल्याच्या पुढच्याच ओळीत एरनो एका इंटमध्ये, म्हणजे पूर्णांकाच्या चलात, ठेवायचा. चार बाइट. हे नवशिक्याने पहिल्या महिन्यात शिकायचं असतं. प्रिंटएफ, क्लोज, मधे कशालाही हाक मारली की एरनोचा भरवसा संपला. काम यशस्वी झालं तरी फंक्शनला एरनो बदलायची मुभा आहे. फाइल उघडत नाही आणि संदेश येतो "इनअ‍ॅप्रोप्रिएट आयऑक्टल फॉर डिव्हाइस", हे कुणी पाहिलेलं नाही? स्टडिओने, म्हणजे सीच्या वाचन-लेखनाच्या फंक्शनांनी, मधेच समोर टर्मिनल आहे का ते तपासलेलं असतं, त्याचा उरलेला एरनो तुमच्या तोंडावर येतो. इतक्या वर्षांत इतके लोक त्यात पडलेत, तरी आजही लोक आधी लॉग लिहितात आणि मग एरनो वाचतात.

बरं, एरनो सोडा. या लायब्ररीची स्वतःची एरर सांगायची सोय काय? केबल नाही, उणे एक. परवानगी नाही, उणे एक. दर्शक उत्तर देत नाही, उणे एक. चेकसम, म्हणजे डेटा नीट आला का ते पडताळणारा आकडा, चुकला, उणे एक. वर एक "शेवटची एरर सांगा" नावाचं फंक्शन आहे, ते एका स्टॅटिक बफरचा, म्हणजे ठरलेल्या एकाच जागेचा, पॉइंटर म्हणजे पत्ता देतं आणि त्यात कायम एकच वाक्य असतं, ऑपरेशन फेल्ड. फेल्ड हे मला उणे एकनेच कळलंय हो! का फेल्ड, कुठे फेल्ड, कुठल्या पोर्टवर फेल्ड, ते सांगा.

पुरवठादाराला फोन केला. पलीकडचा माणूस म्हणतो, "पण उणे एक येतंय म्हणजे एरर आहे हे तुम्हाला कळतंच ना, सर?" मी फोन ठेवला. ठेवला नसता तर काय बोललो असतो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

याच लायब्ररीत गेल्या हंगामात एटूआय, म्हणजे अक्षरांचा आकडा करणारं आणखी एक फंक्शन, सापडलं होतं. एटूआयला एरर सांगताच येत नाही, कचरा दिला तरी गपगुमान शून्य देतं. दर्शकाकडून अर्धवट ओळ आली आणि भरलेल्या ट्रॉलीचं वजन शून्य किलो नोंदलं गेलं. शेतकरी पावती घेऊन परत आला म्हणून कळलं. नसता आला तर? त्या वेळी कारकुनाची चौकशी झाली. चोर सोडून संन्याशाला सुळी.

आणि एकट्या यांनाच का बोलू. स्ट्रएरर-आर, म्हणजे एररच्या आकड्याचे शब्द देणारं फंक्शन, त्याचे दोन अवतार आहेत, नाव एकच. पॉझिक्स या मानकातलं आकडा परत करतं, ग्नूवालं पॉइंटर परत करतं आणि तुम्ही दिलेल्या बफरला हातही न लावता मोकळं होऊ शकतं. कुठलं मिळेल ते कुठला मॅक्रो लावला होता त्यावर. पीथ्रेडची, म्हणजे थ्रेड (एकाच प्रोग्रामात एकाच वेळी चालणारी कामं) सांभाळणारी, फंक्शनं एररचा आकडा थेट परत करतात, एरनोत ठेवतच नाहीत, आणि लोक त्यांच्यानंतर पेरर लिहितात, जे एरनोच वाचून छापतं. गेटअ‍ॅड्रइन्फोचे, म्हणजे नेटवर्कचा पत्ता शोधणाऱ्या फंक्शनचे, आकडे वेगळे, त्यांना शब्दांत मांडणारं फंक्शन वेगळं. जेपेग चित्रं उघडणाऱ्या लिबजेपेगचा मूळ एरर हँडलर संदेश छापून सरळ एक्झिट करतो. एक रिकामी फाइल आली की तुमचा सगळा प्रोग्राम गेला. हँडलर बदलता येतो, मला माहीत आहे. पण दुसऱ्याच्या घरात राहून घराचा मेन स्विच बंद करायचा हक्क मुळात लायब्ररीला दिला कुणी?

नेटवर्कवरची सुरक्षित जोडणी सांभाळणारं ओपनएसएसएल प्रत्येक थ्रेडची एररची रांग ठेवतं. आधीच्या कामातली एखादी एरर रांगेत पडून राहिली तर पुढचं धडधाकट कनेक्शनही मोडलेलं दिसतं, म्हणून कामाआधी रांग रिकामी करा असं त्यांच्या माहितीपानावर लिहिलंय. किती जण करतात? त्यांचंच सही तपासणारं फंक्शन सही बरोबर असेल तर १ देतं, चूक असेल तर ०, आणि तपासतानाच काही बिनसलं तर उणे १. २००९ च्या जानेवारीत जाहीर झालं की खुद्द ओपनएसएसएलच्या आतल्या कोडने फक्त "शून्य नाही ना" एवढंच पाहिलं होतं. उणे १ आलं की सही खरी धरली जात होती. ज्यांचं आयुष्य या कोडमध्ये गेलं ते घसरतात, तर बाकीच्यांनी किती जपायला हवं!

कर्नलही धुतल्या तांदळासारखा नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसवाल्यांना २०१८ मध्ये दिसलं की लिनक्सवर एफसिंक, म्हणजे डेटा डिस्कवर पक्का लिहायला सांगणं, एकदा फसलं आणि परत केलं, तर दुसऱ्यांदा यश म्हणून उत्तर येऊ शकतं, डेटा मात्र डिस्कवर गेलेलाच नसतो. त्यांनी काय केलं? एफसिंक फसलं की सर्व्हर पॅनिक करून थांबवायचा आणि लॉगमधून पुन्हा उभा करायचा, असं ठरवलं. गोड बोलून पुढे गेले नाहीत. याला म्हणतात जबाबदारी.

सीमध्ये नीट करता येत नाही असंही नाही. एसक्यूलाइट हा डेटाबेस बघा, कोड आहे, बारीक तपशिलाचा वेगळा कोड आहे, त्या कनेक्शनपुरता संदेश आहे. ग्लिब (ग्लिबसी नव्हे, ही वेगळी लायब्ररी) हिचा जीएरर बघा, कुठल्या विभागातली, कितवी, काय शब्दांत, हे सगळं एका गाठोड्यात हाक मारणाऱ्याच्या हातात मिळतं, आणि भरलेल्यावर दुसरी एरर टाकायला गेलात तर ते ओरडतं. भाषा तीच, हत्यारं तीच. फक्त पलीकडे कुणीतरी माणूस बसलाय आणि त्याला हे वाचून काहीतरी करायचंय, एवढं डोक्यात ठेवून लिहिलंय.

मी दुपारपर्यंत पॅच, म्हणजे कोडची दुरुस्ती, केला. एरनो जागच्या जागी जपून ठेवला, वाचन फसल्यावर डिस्क्रिप्टर बंद केला, प्रत्येक कारणाला वेगळा आकडा दिला आणि पोर्टचं नाव सीरियल-बाय-आयडीखालचं, म्हणजे केबलच्या ओळखीवरून ठरणारं, घेतलं म्हणजे नंबर बदलला तरी फरक पडू नये. स्क्रीनवर आता मराठीत येतं: वजनदर्शक सापडत नाही, टेबलाखालची केबल तपासा. ऑपरेटरला केबल मुद्दाम काढायला लावून दाखवलं. तो म्हणाला, "साहेब, हे आधी लिहिलं असतं तर मीच खोचून नीट केली असती की. तुम्हाला उठवलंच नसतं."

पॅच पुरवठादाराला पाठवून चार दिवस झाले. उत्तर आलंय, पुढच्या आवृत्तीत बघू. हीच लायब्ररी आणखी किती काट्यांवर चालू आहे ते विचारलं, त्याचं उत्तर नाही. हंगाम अजून संपलेला नाही.