अभिमान वर्णमालेचा बाळगा, लिपीचा कशाला?

"देवनागरी ही जगातली सर्वात शास्त्रीय लिपी" हा फॉरवर्ड आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा फिरतोय. सोबत नासाचं नाव आहेच. खाली हात जोडलेल्यांची रांग. तिथे वाद घालण्यापेक्षा इथेच लिहितो.

कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य. क घशाजवळून निघतो आणि प-फ-ब-भ येईस्तोवर आपण ओठांवर पोचतो. मांडणी अफाटच आहे. पण ती वर्णमालेची, लिपीची नव्हे. वेदांचे उच्चार बिघडू नयेत म्हणून तोंडातली एकेक जागा तपासून आपल्या जुन्या उच्चारशास्त्रज्ञांनी ती लावली, तेव्हा देवनागरी जन्मालाही आली नव्हती. हाच क्रम कन्नडात आहे, बंगालीत आहे, तिबेटी आणि थाईतही आहे. जपानी मुलं आ-का-सा-ता-ना घोकतात, त्या क्रमामागेही बौद्ध भिक्षूंबरोबर तिकडे गेलेली संस्कृत वर्णमाला आहे.

राहिला अक्षरांचा आकार. क च्या आकारात कंठ कुठे दिसतो, सांगा! तो मान कोरियाच्या हंगुलचा. राजा सेजोंगने १४४३ मध्ये ती लिपी सिद्ध केली, १४४६ मध्ये जाहीर केली. तिच्यातल्या 'न' चा आकार म्हणजे दातांमागे टेकलेलं जिभेचं टोक, आणि 'म' म्हणजे तोंडाचा चौकोन. ठरवून, विचार करून काढलेली अक्षरं.

आपली अक्षरं अशी कोणी बसून काढली नाहीत, ती लिहिता लिहिता घडली. देवनागरीची पूर्वज म्हणजे अशोकाच्या काळची ब्राह्मी लिपी; तिच्यातला क म्हणजे चक्क अधिकचं चिन्ह. ग म्हणजे घराचं उतरतं छप्पर. ठ मात्र तेव्हाही गोल होता आणि आजही गोलच आहे. सव्वादोन हजार वर्षांत त्याला वर दांडी आणि शिरोरेषा मिळाली इतकंच. शिरोरेषासुद्धा मुळात नव्हती. अक्षराच्या माथ्यावरची बारीक आडवी खूण लांबत गेली आणि शेजारणीला जाऊन भिडली. गुजरातीने ती सोडून दिली, तिचं काही अडलं नाही.

आणि "लिहितो तसंच वाचतो"? चार आणि चारा मोठ्याने वाचून बघा. दोन्हीकडे च एकच, उच्चार दोन. मराठीत हे दोन च आहेत, लिपीत एकच, कारण हे कपडे संस्कृतच्या मापाचे आहेत.

मुळात शून्यातून लिपी सुचली ती जगात मोजक्या ठिकाणी: इराकमध्ये, चीनमध्ये, मेक्सिकोकडे. इजिप्तबद्दल अजून वाद चालू आहे. बाकी बहुतेक सगळी उसनवारी. लोकलच्या स्टेशनवरच्या पाटीवरचा रोमन 'ए' उलटा धरा, शिंगंवाल्या बैलाचं डोकं दिसेल; सिनाईच्या वाळवंटात, पिरोजाच्या खाणींजवळच्या दगडांवर तो बैल आहे. ब्राह्मी कुठून आली यावर अभ्यासक अजून भांडतात. बरेच जण पश्चिम आशियातल्या अरामी लिपीकडे बोट दाखवतात. उर्दूची लिपी तर नक्कीच त्या घराण्यातली. म्हणजे खिशातल्या नोटेवरच्या पंधरा भाषांच्या पट्टीत मराठी आणि उर्दूच्या लिप्या कदाचित लांबच्या बहिणी निघतील. हे ग्रुपवर टाकलं तर मला काढतील.

मराठीचंच घ्या. शतकानुशतकं आपला व्यवहार मोडी लिपीत चालला. आधी ओळभर रेघ ओढायची, मग हात न उचलता अक्षरं लिहीत जायची. ऱ्हस्व-दीर्घाची कटकटही फारशी नाही (मराठीच्या बाईंनी हे वाचू नये). १९१७ मध्ये मुंबई इलाख्याच्या सरकारने कारभारासाठी मोडीऐवजी बाळबोध, म्हणजे देवनागरीच, घेतली, ती सोय आणि एकसारखेपणा पाहून. हळूहळू मोडी शाळेतूनही गेली. आज घरातला पणजोबांचा दस्त वाचायला पैसे देऊन माणूस शोधावा लागतो, आणि आपण मात्र देवनागरी म्हणजेच मराठी असं छातीठोक सांगतो.

हे सगळं घराजवळ बघायचं असेल तर बोरिवलीला कान्हेरीला जा. तिसऱ्या लेण्यात सातवाहनांच्या काळचा ब्राह्मी लेख आहे. वर नव्वदाव्या लेण्यात १००९ आणि १०२१ साली येऊन गेलेल्या पारशांनी आपली नावं पहलवी या जुन्या इराणी लिपीत कोरून ठेवली आहेत. तीही अरामीचीच लेक. पाण्याची बाटली घ्या, चढ आहे. सोमवारी बंद असतं.