ट्यूब हलकी नव्हती, साहेब

नमस्कार साहेब,

आमच्याकडून घेतलेल्या शाईच्या पंपाची ट्यूब फुटून शाई मशीनवर सांडली, छापलेले बॉक्स वाया गेले आणि अर्धी पाळी बंद राहिली, याबद्दल मनापासून दिलगीर आहोत. डिलिव्हरी अडकली की पार्टी कशी फोनवर फोन करते, ते भोसरीत धंदा करताना आम्हीही रोज बघतो.

पण 'हलकी ट्यूब गळ्यात मारली, आता नव्या ट्यूबचे पैसे उकळतात' असं तुम्ही चारचौघांत लिहिलंत, ते फार लागलं. हे वाचून उद्या नवीन गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढायचं नाही.

रोलरने ट्यूब दाबत शाई पुढे ढकलणारा हा पंप घेताना आम्ही पहिला प्रश्न विचारला होता, पंपातून काय जाणार? तुम्ही म्हणालात, कोरुगेटेड बॉक्सवर छापायची पाण्यातली शाई. आतली शाई दिसायला हवी, हेही तुमचंच म्हणणं. म्हणून सिलिकॉन रबराची ट्यूब दिली. पाण्यातल्या शाईला ती चालते. थिनरचा विषयच निघाला नव्हता.

तुम्ही परत पाठवलेली ट्यूब आमच्याकडे आहे. पिशवीची गाठ सोडताच थिनरचा भपकारा आला. नवी असताना हिचं भोक ६.४ मिमी आणि भिंत १.६ मिमी, म्हणजे बाहेरून ९.६ मिमी. आम्ही कॅलिपर लावला तर ११ च्या वर. रोलर जिथे दाबतो नेमकी तिथेच उभी चीर. पिशवी बंद होती म्हणून फुगलेली राहिली. उघड्यावर थिनर उडून गेलं असतं तर ट्यूब पुन्हा आकसली असती आणि आम्ही खोटे ठरलो असतो. तुमच्या ऑपरेटरनेच फोनवर सांगितलं, की वाळलेली शाई निघेना म्हणून रात्री थिनर फिरवलं. त्याला रागावू नका, त्याला कोणी सांगितलंच नसेल. पण थिनरमधल्या टोल्युइनमध्ये सिलिकॉन फुगते आणि मऊ पडते, मग रोलर तिला फाडणारच. महागाची व्हायटॉन रबराची ट्यूब टोल्युइनला टिकते, पण थिनरमध्ये बहुधा असिटेट किंवा कीटोन जातीचं द्रावकही असतं, आणि त्यापुढे तीही हरते.

आणि ट्यूब बदलावी लागते हे लुटणं नव्हे. या पंपात शाईचा स्पर्श फक्त ट्यूबला होतो, व्हॉल्व्हला नाही, सीलला नाही. सगळी झीज तिच्यावरच येते, गाडीच्या ब्रेक लायनरसारखी. आम्ही तर मोठ्या भोकाची ट्यूब लावून पंप कमी आरपीएमवर चालवा म्हणालो होतो. शाई तेवढीच जाते, रोलरच्या फेऱ्या कमी होतात, ट्यूब जास्त टिकते. अशा सल्ल्याने आमच्या ट्यूबा कमीच खपतात, साहेब.

यापुढे बिलासोबत धुण्याच्या सूचना लिहून देऊ, बाकीही काय करता येईल ते बघतो. तुमच्यासाठी सँटोप्रीनची, म्हणजे रबरासारख्या लवचिक प्लास्टिकची, ट्यूब काढून ठेवली आहे, आमच्या खरेदीच्या भावात. तिच्यातून शाई दिसणार नाही आणि थिनर तिलाही चालत नाही. छपाई संपली की शाई वाळायच्या आत पाणी फिरवा आणि रात्री हेडची, म्हणजे रोलर असलेल्या भागाची, ट्यूब दाबून धरणारी पट्टी सैल करा. पंपाचं हेड घेऊन या, रोलर तपासून देतो, त्याचे पैसे नाहीत.