एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत लेखक व्हायचंय? मग चांगलं लिहू नका

समजा तुम्हाला १८५० च्या आसपास अमेरिकेत लेखक म्हणून नाव काढायचंय, तर सगळ्यात आधी चांगलं लिहायचा नाद सोडा. हर्मन मेलव्हिलने सोडला नाही. १८५१ मध्ये त्याने देवमाशावर 'मोबी-डिक' नावाची एक जाडजूड कादंबरी लिहिली, त्यात देव, दैव, वेड, समुद्र सगळं घातलं, आणि तो जिवंत असेपर्यंत तिच्या साडेतीन हजारांच्या आसपास प्रती खपल्या. मग १८६६ पासून न्यूयॉर्कच्या गोदीत कस्टम इन्स्पेक्टरची नोकरी, रोजचे चार डॉलर, तब्बल १९ वर्षं. त्याच्याआधी नॅथॅनिएल हॉथॉर्न हा दुसरा मोठा कादंबरीकारसुद्धा सेलम गावच्या कस्टम ऑफिसात खुर्ची उबवून आला होता, म्हणजे ज्यांना अजरामरच व्हायचंय त्यांनी आधी कस्टम खात्यात वशिला लावून घ्यावा. बाकीच्यांनी पुढे वाचा.

तर एक मुलगी घ्या. पोरकी असेल तर उत्तम, आई असलीच तर सुरुवातीलाच तिला आजारी पाडून परदेशी पाठवा आणि पोरीला खेड्यात सावत्र आत्याकडे टाका. आत्या कजाग हवी, प्रेमळ आत्यावर दोन खंड निघत नाहीत. मग मुलीला रडवा. सुसान वॉर्नरच्या 'द वाइड, वाइड वर्ल्ड'मधली एलन (१८५०) उठता बसता रडते, चहा करताना रडते, बायबल वाचताना तर रडतेच, आणि हे हस्तलिखित प्रकाशक परत पाठवत होते तेव्हा पटनम नावाच्या प्रकाशकाच्या आईने ते वाचलं आणि मुलाला सांगितलं की हे छापच. त्याने आईचं ऐकलं आणि मालामाल झाला. तेव्हा हस्तलिखित पाठवताना संपादकाचा नाही, त्याच्या आईचा पत्ता शोधा.

चार वर्षांनी मारिया कमिन्सबाईंनी 'द लॅम्पलायटर' आणली, त्यात दुष्ट बाई पोरक्या गर्टीचं मांजराचं पिल्लू उकळत्या पाण्यात टाकते. आठ आठवड्यांत ४०,००० प्रती. मेलव्हिलकडे अख्खा देवमासा होता हो, पण पिल्लू नव्हतं.

तुम्ही पुरुष असाल आणि ही कामं जमणार नसतील तर निदान जळून पत्रं तरी लिहा. हॉथॉर्नने १८५५ च्या जानेवारीत आपल्या प्रकाशकाला कळवलं की या खरडणाऱ्या बायकांच्या झुंडीपुढे माझं काही चालायचं नाही, आणि दोनेक आठवड्यांतच परत कळवलं की फॅनी फर्नची 'रूथ हॉल' मात्र मला भलती आवडली, बाईच्या अंगात सैतान संचारल्यासारखं लिहिते. म्हणजे शिव्या घालून झाल्यावर गुपचूप वाचायचं. ही पद्धत पुढे सगळीकडेच चालली म्हणा.

फॅनी फर्न या टोपणनावाने लिहिणाऱ्या या बाईकडून अजून एक शिकण्यासारखं आहे. विधवा झाली, हातात पैसा नाही, दोन मुली, आणि सख्खा भाऊ मोठा नावाजलेला संपादक, त्याने हिचं लिखाण छापायला नकार दिला. तुमच्या घरात असा भाऊ असेल तर भांडू नका, जपून ठेवा! तिने त्याला उचलून थेट कादंबरीत बसवला, नाव तेवढं बदललं, आणि लेखिका खरी कोण हे फुटल्यावर सगळ्या गावाने बरोबर ओळखला.

आता मानधन. याबाबतीत न्यूयॉर्क लेजर या साप्ताहिकाच्या रॉबर्ट बॉनरला धरा. त्याने फॅनी फर्नला कॉलमला १०० डॉलर दिले आणि ते दिल्याची दवंडी पिटली, त्यामुळे लोकांनी कॉलम वाचला तो १०० डॉलरमध्ये नेमकं काय येतं हे बघायला. जाहिरात करायची तर दुसऱ्या पेपरात पानभर जागा घ्यायची आणि एकच वाक्य वरपासून खालपर्यंत छापायचं, किंवा कादंबरीचं पहिलं प्रकरण प्रतिस्पर्ध्याच्या पेपरात पैसे देऊन छापून आणायचं आणि ऐन मोक्याच्या जागी थांबायचं, पुढचा भाग लेजरमध्ये. टीव्ही मालिकावाल्यांनी बॉनरचा फोटो भिंतीला लावून हार घालायला हरकत नाही.

एवढी झटपट रडारड जमत नसेल तर मारामारी आहेच. जून १८६० मध्ये बीडल कंपनीने दहा सेंटची पहिली कादंबरी काढली, 'मलाएस्का'. नवीकोरी असेल असं वाटलं ना? छे, तीच गोष्ट १८३९ मध्ये एका मासिकात येऊन गेली होती, शिळ्या कढीला ऊत आणून नव्या कव्हरात घातली आणि धडाक्यात विकली. त्याच वर्षी एडवर्ड एलिस नावाच्या विशीतल्या मास्तरची 'सेथ जोन्स' यायची होती, तर आधी गावोगाव पत्रकं लावली की सेथ जोन्स कोण? बस एवढंच. आणि मग यादवी युद्धात कंटाळलेले सैनिक असली पुस्तकं गठ्ठ्यांनी वाचायला लागले.

या धंद्यातला आदर्श घ्यायचा तर नेड बंटलाइनचा घ्या. दारूबंदीवर भाषणं द्यायचा आणि स्वतः प्यायचा, १८४९ च्या न्यूयॉर्कमधल्या नाट्यगृहाच्या दंगलीबद्दल वर्षभर तुरुंगात जाऊन आला, आणि १८६९ मध्ये कोडी नावाच्या एका स्काउटला, म्हणजे सैन्याच्या वाटाड्याला, भेटून त्याला बफेलो बिल म्हणून घरोघरी पोचवला. त्याच बिलला पुढे १८७२ मध्ये शिकागोच्या रंगमंचावर स्वतःचंच काम करायला उभा केला, आणि तो संवाद विसरला. नाटक म्हणे चार तासांत लिहिलं होतं.

गरिबाचा श्रीमंत करायचा असेल तर होरेशो अल्जरचं सूत्र वापरा, कष्ट आणि प्रामाणिकपणा तोंडी लावायला, खरं काम पाण्यात पडलेलं पोरगं करतं. त्याच्या 'रॅग्ड डिक'मधला (१८६८) बूटपॉलिशवाला फेरीबोटीवरून पडलेल्या मुलाला वाचवतो, बाप निघतो पैसेवाला, नोकरी पक्की. तेव्हा गरीब वाचकांनी उगाच राबू नये, नदीकाठी उभं राहावं.

विनोद लिहायचाय? मग शुद्धलेखन विसरा. हेन्री शॉ म्हणून पोकिप्सी गावातला एक लिलाववाला, त्याने खेचरावर नीटनेटका निबंध लिहिला, कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग त्यातले सगळे शब्द मोडून तोडून चुकीचे लिहिले, जॉश बिलिंग्ज असं नाव घेतलं आणि अख्खा देश हसला. खेचर तेच हं. आपल्याकडे ऱ्हस्वदीर्घावरून मार खाल्लेल्या मुलांना हे वेळेवर कुणी सांगितलं नाही.

आणि याला कमी समजू नका. २२ सप्टेंबर १८६२ ला लिंकनने मंत्रिमंडळाची बैठक बोलावली आणि सुरुवातीला आर्टेमस वॉर्डचा एक लेख मोठ्याने वाचून दाखवला. वॉर्ड म्हणजे मेणाचे पुतळे गावोगाव दाखवणारा एक खोटा अडाणी खेळवाला, त्यामागे चार्ल्स ब्राउन नावाचा पत्रकार. लेखात यूटिका गावातला एक गडी येशूच्या शेवटच्या भोजनाच्या देखाव्यातून दगाबाज शिष्य जूडासचा पुतळा ओढून काढतो आणि बडवतो, बाकी त्यात काही नाही. लिंकन मनापासून हसला, युद्धमंत्री स्टँटन मात्र म्हणे चिडला. मग लिंकनने दुसरा कागद काढला, गुलामांना मुक्त करण्याच्या जाहीरनाम्याचा. हे लक्षात ठेवा, तुमची विनोदी मालिका कुणी फालतू म्हटली तर उपयोगी पडेल.

एक अडचण आहे पण ती तुमची तुम्ही बघा. १८९१ पर्यंत परदेशी लेखकांना अमेरिकेत कॉपीराइटच नव्हता, म्हणजे डिकन्स फुकट मिळायचा आणि तुम्हाला पैसे द्यावे लागायचे, मग प्रकाशक कुणाला निवडेल? १८४२ मध्ये डिकन्स स्वतः येऊन याबद्दल बोलला तर पेपरवाल्यांनी त्यालाच हावरट ठरवलं. ज्यांनी त्याचं सगळं लुटलं त्यांनीच बरं का.

तरी खपायचंच असेल तर शेवटचा उपाय, मरा. डेव्ही क्रॉकेट हा नावाजलेला शिकारी आणि राजकारणी १८३६ मध्ये टेक्ससमध्ये अलामोच्या लढाईत मेला, पण त्याच्या नावाची विनोदी पंचांगं १८५६ पर्यंत निघत राहिली. मरून १८ वर्षं झाल्यावर, १८५४ च्या अंकात, त्याने गोठलेल्या सूर्यावर अस्वलाची चरबी ओतून तो परत फिरता केला आणि सूर्योदयाचा एक तुकडा खिशात घालून घरी आला. मानधनाबद्दल त्याने एकदाही विचारलं नाही.