‘त्यांना घर नकोच असतं’ या मेसेजबद्दल

सोसायटीच्या ग्रुपपासून शाळेच्या जुन्या बॅचपर्यंत सगळीकडे एक मेसेज फिरतोय. कुणी लिहिला कुणास ठाऊक, पण वाचणारे ‘अगदी खरंय’ म्हणत पुढे ढकलतायत. मजकूर थोडक्यात असा: फूटपाथवरच्या बायकांना निवारा दिला तरी त्या जात नाहीत, त्यांना घर नकोच असतं. सरकारी दवाखाने फुकट आहेत, तिथेही जात नाहीत. शिवणकाम शिकवून मशीन दिलं तर विकून खातात. सरकारचे महिन्याचे पैसे मात्र बरोबर घेतात. यातल्या निम्म्या वेड्या, उरलेल्या टोळीतल्या. तेव्हा आपल्या कराचा पैसा उधळण्यापेक्षा भिकाऱ्यांचा कायदा लावा आणि उचलून आत टाका.

यातली एक गोष्ट खरी आहे. निवाऱ्यात खाट रिकामी आणि बाहेर बाई झोपलेली, असं काही ठिकाणी दिसतं. प्रश्न इतकाच की का दिसतं. मेसेज लिहिणाऱ्याने तेवढं विचारलं असतं तर पुढचं सगळं लिहायची त्याला गरज पडली नसती.

‘निवारे आहेत, त्याच जात नाहीत’

आधी ‘आहेत’चं बघू. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राज्यांना सांगितलं की शहराच्या दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा, तोही बारा महिने आणि चोवीस तास. पुढे २०१३ मध्ये राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातल्या शहरी बेघर योजनेत हेच प्रमाण आलं, दर निवाऱ्यात किमान शंभर माणसांची सोय या हिशेबाने. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सव्वा कोटीच्या घरात होती. म्हणजे किमान १२४ निवारे. त्या आकड्याच्या जवळपासही हे शहर कधी गेलेलं नाही. त्यातले फक्त बायकांसाठीचे किती, ते मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरतील का, हे आपापल्या वॉर्डात विचारून पाहा.

आता ‘जात नाहीत’चं. माझ्या ओळखीच्या एक मावशी मध्य मुंबईतल्या एका उड्डाणपुलाखाली राहायच्या. काम लग्नाच्या हॉलवर, केटरर्सची भांडी घासायचं. शेवटची पंगत उठते साडेदहाला. मग पातेली, पराती, झारे, कढया घासून, पुसून टेम्पोत चढवेपर्यंत एक वाजतो. निवाऱ्याचं गेट दहाला बंद. सकाळी आठला जागा रिकामी करायची, सामान सोबत न्यायचं. मावशींचं सामान म्हणजे एक पत्र्याची ट्रंक, दोन गोधड्या, स्टोव्ह आणि पाण्याचा कॅन. ते घेऊन दिवसभर फिरायचं कुठे? आणि खरी अडचण पुढेच होती. त्यांचा मुलगा तेरा वर्षांचा. बायकांच्या निवाऱ्यात एवढा मुलगा चालत नाही, पुरुषांच्या निवाऱ्यात तो एकटा चालत नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, “ताई, तिथं मी झोपले तर पोरगा कुठं झोपणार?” याला कुणी आळस म्हणावं, कुणी माज म्हणावं. मला तर त्यात साधा हिशेब दिसतो.

न्यायालयाने चोवीस तास उघडा ठेवायला सांगितलेला निवारा रात्रीच्या धर्मशाळेसारखा चालवायचा आणि मग खाटा रिकाम्या म्हणून बोंब मारायची, हे बरं आहे.

‘उरलेल्या टोळीतल्या’

२०११ च्या जनगणनेत देशात १७ लाख ७३ हजार बेघर मोजले गेले. त्यांत ७ लाख २६ हजार बायका आणि मुली. महाराष्ट्रातला एकूण आकडा दोन लाखांच्या वर. ही मोजणी रात्रीची होती, आणि एकटी बाई रात्री सहज दिसेल अशा जागी झोपत नाही. पुष्कळजणी रात्र जागून काढतात आणि दिवसा बागेत, देवळाच्या ओट्यावर, स्टेशनात डोळा लावतात. म्हणजे खरा आकडा मोठाच असणार. यातल्या निम्म्या जरी टोळीच्या असतील तर टोळी चालवणाऱ्याला नियोजन आयोगावर घ्यायला हवं होतं.

रस्त्यावर येण्याच्या वाटा फार गूढ नाहीत. नवरा दारू पिऊन मारतो, माहेर दार उघडत नाही. नवरा वारला आणि दिराने खोली विकली. झोपडी तुटली आणि पर्यायी घरासाठी लागणारा पुरावा नवऱ्याच्या नावावर, नवरा बेपत्ता. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात सामायिक घरात राहण्याचा हक्क बाईला दिलेला आहे, घर तिच्या नावावर नसलं तरी. पण तो आदेश हातात येईपर्यंतच्या रात्री कुठे काढायच्या? हिंसाचार सोसलेल्या बायकांसाठीच्या सरकारी सखी वन स्टॉप सेंटरमध्ये तात्पुरता मुक्काम साधारण पाच दिवसांचा. सहाव्या दिवशी न्यायालयाची पुढची तारीख महिनाभर लांब असते.

‘सरकारचे पैसे बरोबर घेतात’

हा मुद्दा वाचून मी चक्क हसले. लाडकी बहीण योजनेच्या पात्रतेत ‘निराधार’ हा शब्द लिहिलेला आहे, हे खरं. २०२४ मध्ये योजना आली तेव्हा अर्जासाठी काय लागत होतं? आधार. आधारला जोडलेलं बँक खातं. अधिवास प्रमाणपत्र, ते नसेल तर पंधरा वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, जन्माचा किंवा शाळा सोडल्याचा दाखला. उत्पन्नाचा दाखला, नाहीतर पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड. संजय गांधी निराधार योजनेतही राज्यात पंधरा वर्षं राहिल्याचा पुरावा मागतात. जिचं सगळं सामान पालिकेच्या गाडीने दोनदा उचलून नेलंय, तिच्याकडे २००९ सालचं रेशनकार्ड असेल अशी ही अपेक्षा.

यात एक गंमत आहे. मतदार यादीसाठी निवडणूक आयोगाने बेघरांची वाट सोपी केलेली आहे. अर्जात झोपायची जागा लिहायची, बीएलओने, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या स्थानिक कर्मचाऱ्याने, रात्री तिथे जाऊन माणूस खरोखर झोपतो का ते बघायचं. पत्त्याचा कागद लागत नाही. म्हणजे मतासाठी फूटपाथ हा पत्ता चालतो, बँकेत चालत नाही. शहरी बेघर योजनेच्या सूचनांमध्ये निवाऱ्यातूनच ओळखपत्र, टपालाचा पत्ता, रेशन, बँक खातं, मुलांचा शाळाप्रवेश ही सगळी जोडणी करून द्यावी असं लिहिलंय. जिथे निवाऱ्याचा कर्मचारी हे खरंच करतो तिथे बायका टिकतात. खाटेपेक्षा त्या पत्त्याचं मोल जास्त असतं.

‘दवाखाना फुकट आहे’

केसपेपर स्वस्त आहे. पुढचं महाग आहे. टीबीची औषधं मोफत, साध्या टीबीला निदान सहा महिने रोज घ्यायची, आणि ती उपाशीपोटी सोसत नाहीत. पोषणासाठी सरकार महिन्याला हजार रुपये देतं, २०२४ पर्यंत पाचशे होते. पण ते जमा होतात बँक खात्यात. पुन्हा तेच. मधुमेह असेल तर इन्सुलिनची बाटली थंड जागी ठेवायची असते, ती उड्डाणपुलाखाली कुठे ठेवणार? डिस्चार्जच्या कागदावर तर हमखास असतं: जखम कोरडी ठेवा, पूर्ण विश्रांती घ्या, सकस आहार घ्या. पावसाळ्यात फूटपाथवर झोपणाऱ्या बाळंतिणीला असा कागद दिलेला मी पाहिलाय. डॉक्टरांना दोष नाही देत. त्यांच्या कागदावर ‘घर’ ही गोळी लिहायची सोय नसते.

शौचालयाचं सांगायलाच नको. दरवेळी पैसे मोजायचे, म्हणून बायका पाणीच कमी पितात, मग लघवीचा संसर्ग होतो, मग पुन्हा तोच केसपेपर.

‘मशीन दिलं तर विकून खातात’

हो, विकलं जातं. मीही असं एक मशीन पाहिलंय. एका संस्थेने तीन महिन्यांचा वर्ग घेतला, शेवटी छोटा समारंभ, हार, फोटो, प्रमाणपत्र आणि पायाने चालवायचं मशीन. बाई मशीन घेऊन आली कुठे? फूटपाथवर. वरून ताडपत्री टाकली. पावसाने पट्टा फुगला, चाक गंजलं. शिवायला कापड कोण आणून देणार? ब्लाउज शिवायला टाकणारी गिऱ्हाईक बाई माप द्यायला फूटपाथवर उभी राहत नाही. त्यात अतिक्रमणाची गाडी येण्याची धास्ती. गाडीने फुकट न्यावं त्यापेक्षा भंगारवाल्याने चार पैसे दिलेले बरे, असा विचार तिने केला. तुम्ही काय केलं असतं?

दुसरी गोष्ट, त्या तीन महिन्यांत तिचा रोज बुडाला. फूटपाथवरच्या बायका काम करत नाहीत हा समज कुठून येतो, मला कळत नाही. पहाटे फुलबाजारात जाऊन गजरे ओवणाऱ्या, शनिवारी लिंबू-मिरची विकणाऱ्या, कचरा वेचून कागद-प्लॅस्टिक-पत्रा वेगळा करणाऱ्या, मासळीबाजारात कोळंबी सोलून देणाऱ्या, नाक्यावर बिगारीसाठी उभ्या राहणाऱ्या कोण आहेत मग? रोजावर पोट असलेल्या बाईला बिनपगारी प्रशिक्षण म्हणजे तीन महिन्यांची उपासमार. शिकण्याच्या काळात रोज मिळावा, मूल सांभाळायला पाळणाघर असावं, आणि शेवटी मशीनऐवजी नोकरी किंवा बसून काम करायची जागा मिळावी, मग बघा कोण पळतंय.

बायकांना स्वतःचं घर उभं करायला जमतं याचा दाखला मुंबईतच आहे. जुलै १९८५ मध्ये, फूटपाथवासीयांना हटवण्याविरुद्धच्या ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल लागला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, पण नोटीस देऊन फूटपाथ मोकळे करायची मुभा पालिकेलाही राहिली. त्या सुमाराला भायखळ्याच्या फूटपाथवरच्या बायकांनी स्पार्क या संस्थेच्या साथीने आपल्याच वस्त्या मोजल्या आणि १९८६ मध्ये महिला मिलन ही आपली संघटना उभी केली. यातल्या बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. रोजच्या रोज झोपडी-झोपडीतून रुपया-दोन रुपये गोळा करायचे, अडीनडीला त्यातूनच कर्ज द्यायचं. घर कसं हवं तेही त्यांनीच ठरवलं: चौदा फूट उंच, म्हणजे मध्ये माळा टाकता येतो आणि तेवढ्याच जागेत कुटुंबाला झोपायला दोन मजले मिळतात. खऱ्या मापाचा नमुना उभा करून त्या आत शिरून बघायच्या, स्वयंपाकाला बसल्यावर पाय कुठे येतात इथपर्यंत. दहा वर्षं रेटा लावल्यावर १९९५ च्या सुमाराला पुनर्वसनाच्या धोरणात फूटपाथवासीयांचा समावेश झाला, आणि पुढे मानखुर्दला त्यांची मिलन नगर सोसायटी उभी राहिली. या कुटुंबवाल्या, झोपडी असलेल्या बायका होत्या हे खरं. उड्डाणपुलाखाली एकटीने राहणारीला एवढी संघटना मिळत नाही. पण ‘बायकांना घर नकोच असतं’ म्हणणाऱ्याने मानखुर्दला एक चक्कर मारायला हरकत नाही.

‘वेड्या आहेत, आत टाका’

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे. रस्त्यावर भटकणारी आजारी बाई दिसली तर तिला संरक्षण देऊन चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्यसंस्थेत तपासणीला नेणं हे पोलिसांचं काम आहे. आणि घर नाही किंवा घरचे घेत नाहीत एवढ्याच कारणावरून कुणालाही मनोरुग्णालयात ठेवता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी या चारही प्रादेशिक मनोरुग्णालयांचा मूळ पेचच हा आहे की बऱ्या झालेल्या बाईला पाठवायचं कुठे.

हे न सुटणारं कोडं नव्हे. कर्जतला डॉ. भरत वाटवानींची श्रद्धा संस्था रस्त्यावरच्या मनोरुग्णांना उचलते, औषध देते, आणि माणूस बोलता झाला की गाव शोधून घरी पोचवते. त्यासाठी त्यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. नगरजवळ डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे या दांपत्याने माउली प्रतिष्ठानात अशा शेकडो बायकांना आणि त्यांच्या मुलांना घर दिलं. १९९३ मध्ये चेन्नईत सुरू झालेली बॅनियन ही संस्था आणखी पुढे गेली. वर्षानुवर्षं संस्थेत राहिलेल्या चार-पाचजणी मिळून साध्या वस्तीत भाड्याच्या घरात राहतात, बाजारहाट-स्वयंपाक स्वतः करतात, मदतनीस सोबत असते. शेजारीपाजारी आधी कुरकुरतात, मग सणावारी ताट पाठवतात.

‘भिकाऱ्यांचा कायदा लावा’

तो लावला जातोच. मुंबईचा १९५९ चा कायदा. त्यात भिकारी कोण, याच्या व्याख्येत उपजीविकेचं दिसेल असं साधन नसताना सार्वजनिक जागी फिरणाराही येतो. वॉरंटशिवाय पकडता येतं. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षं भिक्षेकरीगृहात कोंडता येतं, पुन्हापुन्हा सापडलं तर दहापर्यंत. दिल्लीत लागू असलेल्या याच कायद्यातल्या शिक्षेच्या तरतुदी तिथल्या उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरवल्या. महाराष्ट्रात कायदा अजून आहे. आत काढलेल्या या वर्षांमध्ये इमारत, पहारा, जेवण, दवापाणी सगळं आपल्याच करातून. आणि बाई सुटून येते तेव्हा तिच्याकडे ना पत्ता, ना खातं, ना रोज. मुलगा मधल्या काळात कुठे गेला ते तिचं तिने शोधायचं.

कराच्या पैशाची खरंच चिंता असणाऱ्यांनी माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज टाकावा, दहा रुपये लागतात. वॉर्डात निवारे किती, बायकांचे किती, गेट किती वाजता बंद होतं, मुलगा किती वर्षांचा झाला की बाहेर काढतात, आणि गेल्या वर्षी निवाऱ्याच्या पत्त्यावर किती बायकांचं बँक खातं उघडलं. उत्तर आलं की त्याच ग्रुपवर टाका.