मामा आल्याशिवाय मुहूर्त नाही

घरचा लॅपटॉप लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर नेला तेव्हा मी बायकोला तीन आश्वासनं दिली होती. व्हायरस लागणार नाही, मधेच अडकणार नाही, अपडेटच्या नावाखाली वेठीला धरणार नाही. रविवारी सकाळी मुलाचं हॉलतिकीट छापायला बसलो तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "अहो, चालूच होणार नाही हे नव्हतं सांगितलंत."

पडद्यावर नुसता लोगो. एस्केप दाबल्यावर खाली एक ओळ उगवली. कुठलंसं 'स्टार्ट जॉब' चालू आहे म्हणे, आणि शेजारी सेकंद पळतायत. दीड मिनिटापैकी बारा. तेरा. चौदा. गॅसवरच्या दुधाकडेही मी कधी इतकं एकाग्रपणे पाहिलेलं नाही. नव्वद झाले आणि 'इमर्जन्सी मोड' आला. रूटचा, म्हणजे सर्वाधिकाऱ्याचा, पासवर्ड द्या, नाहीतर कंट्रोल-डी दाबा. पासवर्ड आठवेना, म्हणून कंट्रोल-डी दाबलं. पुन्हा नव्वद सेकंद, पुन्हा तीच पाटी.

संशय गेला कर्नलच्या, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या, आदल्या रात्रीच्या अपडेटवर. सुरुवातीला कर्नल उठवणाऱ्या ग्रबच्या मेनूतून जुनं कर्नल निवडलं. काडीचा फरक नाही. शेवटी पासवर्ड वहीत सापडला, इस्त्रीच्या हिशेबाखाली. आत शिरून सिस्टिमची रोजनिशी दाखवणारं जर्नलसीटीएल चालवलं तर शेकडो ओळी, त्यात कितीतरी लालभडक. ब्लूटूथ कुरकुरतंय, वीज सांभाळणारं एसीपीआय कण्हतंय. अर्धा तास त्यांच्या मागे घालवला. असल्या लाल ओळी मशीन धडधाकट असतानाही असतात, हे उशिरा कळलं. आमच्या आजीचे गुडघेसुद्धा असेच; दुखतात रोज, पण पंढरपूरला सगळ्यांच्या पुढे तीच.

खरी ओळ त्या गर्दीत मुकाट बसली होती: अमुक यूयूआयडीची, म्हणजे अमुक ओळख क्रमांकाची, डिस्क आलीच नाही.

त्याचं असं आहे. ग्रब कर्नलला उठवतो, कर्नल सिस्टिमडीला. हा सिस्टिमडी प्रोसेस क्रमांक 1, म्हणजे घरातला कर्ता. त्याच्या हातात एफएसटॅब नावाची यादी असते, कोणकोणती डिस्क कुठे जोडायची त्याची. यादीतलं कुणी आलं नाही, तर कर्ता नव्वद सेकंद वाट बघतो आणि कार्यच थांबवतो. महिन्यापूर्वी मी हौसेनं बाहेरची हार्डडिस्क लिनक्सच्याच ईएक्सटी-4 पद्धतीनं फॉरमॅट करून त्या यादीत घातली होती. यूयूआयडीची 36 अक्षरं, एकही न चुकता! आणि शुक्रवारी तीच डिस्क मेहुणा जुने फोटो घ्यायला नाशिकला घेऊन गेला होता.

भटजी माइकवरून पुकारतायत, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं," आणि मामा नाशकात.

"म्हणजे माझ्या भावामुळे?" बायकोनं विचारलं. या प्रश्नाला कुठल्याही ऑपरेटिंग सिस्टिमवर सुरक्षित उत्तर नाही. मी मान खाली घालून नॅनो या एडिटरमध्ये एफएसटॅब उघडली, त्या ओळीत 'डिफॉल्ट्स'पुढे स्वल्पविराम देऊन 'नोफेल' लिहिलं. मामा आले तर पाट मांडा, न आले तर अक्षता टाकून मोकळे व्हा. सगळी दुरुस्ती सहा इंग्रजी अक्षरांची. सकाळचे साडेतीन तास गेले ते वेगळेच.

रीबूट केलं. लॅपटॉप सुरळीत उठला. हॉलतिकीट छापून हातात घेतोय तोच मेहुण्याचा फोन.

"दाजी, तुमची डिस्क माझ्या विंडोजला वाचताच येत नव्हती. फॉरमॅट करू का म्हणून विचारत होतं."

"मग?"

"हो म्हटलं."